कौसाबाईचं काहीच नसलेलं चेंबर

रोज सकाळी नऊ वाजता कौसाबाई विधवा होते आणि संध्याकाळी सहा वाजता परत सवाष्ण. अकरा वर्षं झाली या गोष्टीला. रविवार आणि दिवाळीचे चार दिवस सोडले तर खंड नाही. नवरा मेला म्हणावं, तर आनंदा चांगला धडधाकट आहे, बदलापूरला मांजर्लीत घरी बसून असतो. हे सगळं कामापायी.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्सला बटणं ठोकणारा आणि फरसाण तळणारा यांच्या मधोमध जितेशशेठची शेड आहे. बाहेरून बघाल तर इथं पंख्याचे सुटे भाग बनत असतील असं वाटेल. आत बनतात स्टीलची चेंबरं. चेंबर म्हणजे जाड पत्र्याची, चहूबाजूंनी नळ्यांची तोंडं फुटलेली पेटी. ती कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन बसते आणि तिच्यातली हवा उपसून काढतात. किती हवा, तर सगळी. शेवटचा कणसुद्धा मागं राहू नये अशा इराद्यानं. अशा पेटीला आतून कुणाचं बोट लागलं, की त्या बोटाचं तेल महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतं आणि पंप बिचारा ती वाफ उपसत बसतो. म्हणून पेटी जोडून झाली की कौसाबाईच्या खोलीत येते. खोलीला प्लास्टिकचे जाड पडदे, आत गाळून घेतलेली हवा, दाराशी एक स्टीलचा डबा. त्या डब्यात कौसाबाई मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून ठेवते. कुंकू साबणानं पुसते. केसाला तेल तर अकरा वर्षांत नाही. मग टोपी, मास्क, हातमोजे, आणि आत.

हा प्रकार आनंदाला कळला तेव्हा त्यानं बायकोला नोकरी सोड म्हटलं नाही. तो शहाणा माणूस. त्यानं स्वतःचं मरण वेळापत्रकात बसवून टाकलं. नऊ ते सहा या वेळात, ज्यानं माणूस मरू शकेल असं तो काहीही करत नाही. रस्ता ओलांडत नाही, स्टुलावर चढत नाही, दाढी करत नाही, काट्याचा मासा खात नाही. मोबाइलला हात लावत नाही, कारण कुठंतरी कुणाच्या तरी हातात तो फुटला होता. दुपारची डुलकीसुद्धा खुर्चीत बसून घेतो, आडवं झालेलं बरं दिसत नाही म्हणून. आणि सहा वाजून पाच मिनिटांनी हाच माणूस नाक्यावर चालत्या रिक्षातून उडी मारताना दिसतो. मांजर्लीतले लोक त्याच्यावर घड्याळ लावतात.

कारखान्याआधी चौदा वर्षं कौसाबाई अंबरनाथ पश्चिमेला सरस्वतीबाई नावाच्या एका म्हातारीकडे भांडी घासायची. घासलेलं प्रत्येक भांडं म्हातारी परत एकदा पाण्यातून काढायची. भांड्याला डाग असायचा म्हणून नाही, कौसाबाईचा हात लागलेला असायचा म्हणून. कौसाबाई तोंडानं काही बोलली नाही. पण चौदा वर्षांत तिनं एक गोष्ट पक्की ओळखली, की सोवळं वेगळं आणि स्वच्छ वेगळं. म्हातारीच्या सोवळ्यातल्या तपेलीला बुडाशी बोटभर किटण होतं, आणि ते देवाला बिनबोभाट चालत होतं.

स्वतःची खोली मिळाली तेव्हा कौसाबाईनं स्वतःचं सोवळं काढलं. त्याला जात लागत नाही, पाणी लागतं. धुतलेल्या स्टीलवर ती शुद्ध पाण्याचा मग ओतते. पाणी चादरीसारखं सपाट पसरलं तर पास. कुठं पाण्याचा मणी होऊन उभा राहिला तर तिथं तेल आहे, मग सगळं काम परत पहिल्यापासून. या परीक्षेत जितेशशेठसुद्धा कधी पास झाला नाही. मालक असून तो मागच्या खोलीचा पडदा ओलांडू शकत नाही, बाहेरून हाक मारतो. एकदा दिवाळीला नवा परफ्यूम मारून तो पडद्याजवळ आला होता. कौसाबाईनं आतूनच ओरडून त्याला फरसाणच्या दुकानापर्यंत मागं नेला.

यंदाची पेटी जर्मनीला जायची होती. ती तपासून घ्यायला तिकडून जी शास्त्रज्ञ आली, ती निघाली अंबरनाथ पश्चिमेचीच. किर्ती तिचं नाव. पहिल्याच दिवशी तिनं न सांगता घड्याळ, अंगठी, कानातलं डब्यात टाकलं, कोपरापर्यंत हात धुतले आणि मावशी, ओता पाणी म्हणाली. पाणी पसरलं. कौसाबाईनं मनातल्या मनात तिला लेक मानून टाकली.

दुपारी डबा खाताना कौसाबाईनं तिला विचारलं, की ही पेटी नेमकी कशापायी. अकरा वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किर्तीनं सांगायला घेतलं. ताऱ्याच्या पोटात अणूंचे गाभे एकमेकांवर आपटत असतात. एखाद्या जड गाभ्यावर हायड्रोजनचा हलका गाभा येऊन आदळतो. बहुतेक वेळा निसटतो. क्वचित कधी जड गाभा त्याला पकडून ठेवतो, आणि पकडलं की तो गाभा पहिला राहत नाही, वेगळाच पदार्थ होतो. ही पकड किती वेळा बसते ते नीट मोजायचंय, आणि ताऱ्यात जाऊन बसायची सोय नाही. म्हणून त्यांच्याकडे शंभर मीटर घेराचं एक पोकळ कडं आहे. त्यात जड गाभे चुंबकांनी वळवत गोल गोल फिरवायचे, सेकंदाला चार-पाच लाख फेऱ्या, आणि वाटेत एका जागी हायड्रोजनची बारीक झुळूक सोडायची. असले गाभे हाताशी थोडेच असतात, म्हणून तेच तेच परत फिरवायचे. ज्यानं हायड्रोजन पकडला त्याच्यावर चुंबकाची ओढ वाढते, आणि तो कड्याच्या आतल्या अंगाला सरकतो. तिथं मोजणारं यंत्र बसवायचं. ते यंत्र ज्या पेटीत बसणार, ती ही पेटी.

कौसाबाईनं घास हातात धरून ठेवला होता.

"आमच्यात गौरीला फेर धरतात," ती म्हणाली. "नाचता नाचता कुना बाईच्या कडंवर पोर दिलं, का ती आपसूक आत सरकतं. तसंच ना?"

"अगदी तसंच, मावशी."

"आनी आत बसलेली म्हातारी पोरं मोजनार. मंग ही पेटी म्हंजे त्या म्हातारीची खोली. आनी खोलीत वाफ रायली म्हंजे फेरात कुत्रं शिरलं."

किर्ती म्हणाली, की ती सहा वर्षं हेच समजावून सांगतेय आणि इतक्या लवकर अजून कुणाला कळलं नाही.

"पन पकडलं तर काय करनार त्याचं?"

"लिहून ठेवणार."

"बस?"

"बस."

कौसाबाईला हे फार पटलं. ज्या कामाचा कुणाला काडीचा उपयोग नाही, त्यालाच एवढी स्वच्छता लागते. उपयोगाच्या कामात माणसं लबाडी करतात, हे तिनं सरस्वतीबाईकडे आणि नंतर कॅम्प चारमध्ये भरपूर बघितलं होतं.

पेटी शनिवारी संध्याकाळी टेम्पोत चढायलाच हवी होती. त्या कड्यावर किर्तीच्या वाट्याला वर्षातले आठ दिवस येतात. ते चुकले की पुढचा नंबर दोन वर्षांनी. आणि जितेशशेठनं कौसाबाईला वेगळं सांगून ठेवलं होतं. शेजारचा जीन्सवाला मागची खोली मागतोय. हे चेंबर पास होऊन वेळेत गेलं तर पुढच्या चार ऑर्डरी, खोली तुझी. नाही गेलं तर खोलीत शिलाई मशीन बसतील, आणि तू पुढं झाडू मार, नोकरी काही जात नाही. नोकरी काही जात नाही हे त्यानं फार प्रेमानं सांगितलं. कौसाबाईला ते शिवीसारखं लागलं. आख्ख्या मुलखात एकच जागा होती जिथं तिचा हात लागल्यावर वस्तू आणखी स्वच्छ होते असं लोक मानत, आणि ती दहा बाय बाराची होती.

घोटाळा केला अभिजीतनं. हा जितेशशेठचा ऑफिसातला माणूस, बोटानं चपळ. मंगळवारी त्यानं गल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, की शनिवारी न्यूक्लिअरचा माल निघणार आहे, सर्वांनी गाड्या काढून सहकार्य करावं.

गल्लीनं सहकार्य केलं. अर्ध्या तासात फरसाणवाल्याला आठवलं, की गेल्या महिन्यापासून त्याची शेव वाकडी पडतेय. जीन्सवाल्याचा मास्टर टोपी काढून टक्कल दाखवू लागला. टक्कल त्याला लग्नाआधीपासून होतं, पण आता कारण मिळालं. एकीनं सांगितलं, की भिंतीवरच्या पाली गेल्या. दुसरी म्हणाली, आमच्याकडे वाढल्या. दोन्ही गोष्टी न्यूक्लिअरनंच झाल्या असं ठरलं. गल्लीच्या मागं जो नाला आहे त्याचं पाणी वर्षानुवर्षं कधी निळं, कधी जांभळं वाहतं. त्याच्यासाठी इथं कधी चार माणसं गोळा झाली नाहीत. आणि रिकाम्या पेटीसाठी बुधवारी सकाळी दोनशे माणूस उभं.

पुढं होता अल्पेश. आनंदाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे कौसाबाईचा भाचा. मांजर्लीचा, पण राजकारण करायला कॅम्प चारला येतो, कारण मांजर्लीत त्याला सगळे ओळखतात. निवडणूक तोंडावर आलेली. त्याच्या बॅनरवर त्याचा फोटो अणुबॉम्बपेक्षा मोठा होता, आणि शेजारी कंसात 'भावी'. मोर्चा कसा काढावा याची अक्कल नसली तरी फोटो कसा निघावा ते त्याला पक्कं कळतं. म्हणून त्यानं सगळ्यात पुढं एक म्हातारी उभी केली होती. विठा तिचं नाव, पंच्याहत्तरीची. फरसाणच्या कढया ती खायच्या नाही, धुण्याच्या सोड्यानं घासते, आणि दुकानाच्या मागेच राहते. तिच्या हातात फलक दिला होता. सावली पडते म्हणून ती तो डोक्यावर धरून बसली होती.

जितेशशेठ हात जोडून बाहेर आला. अल्पेशनं मागणी केली, की पेटी उघडून आत काय आहे ते जनतेला दाखवा. शेठ म्हणाला, आत काही नाही. अल्पेश म्हणाला, काही नाही तर लपवता कशाला. शेठ म्हणाला, लपवत नाही, पण उघडी टाकली तर बाहेरचं काहीतरी आत जाईल. हे ऐकून गर्दी हादरली. बाहेरचं आत गेलं तर यांना त्रास होतो, म्हणजे आत काय असेल. मग किर्ती पुढं झाली. तिनं शांतपणे सांगितलं, की आत खरंच काही नाही, ते काही नाही तयार करायलाच चार महिने लागलेत, आणि एवढं काही नाही आख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे मिळणार नाही. तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. त्यानं गर्दी आणखी भडकली.

तोडगा निघाला तो इथल्या शहाण्या माणसांच्या पद्धतीनं निघाला. फरसाणवाला म्हणाला, पेटी उघडी आहे तोवर आत हळदकुंकू वाहू, नारळ फोडून पाणी शिंपडू, अणू शांत होईल, शनिवारी माल जाऊ दे. अल्पेशला हे पसंत पडलं, नारळ फोडताना फोटो चांगला येतो. जितेशशेठलाही पसंत पडलं. या गल्लीत आजवर नवी गाडी, नवं मशीन, नवं मीटरसुद्धा नारळाशिवाय चालू झालेलं नाही. त्यानं किर्तीकडे बघितलं. किर्ती पांढरी पडली होती. नारळात तेल असतं, कुंकवात काय काय असतं ते कुंकू बनवणाऱ्यालाच ठाऊक. पण शेठ सिंधी वळणानं हळूच म्हणाला, "मॅडम, थोडंसंच. साईं, देवाचं काम आहे, नाही कसं म्हणू?"

नारळ आला. दोनशे माणसांनी चपला काढल्या. आणि पडदा सारून कौसाबाई बाहेर आली, टोपी-मास्कसकट, मोकळ्या गळ्यानं, कोऱ्या कपाळानं.

अल्पेश गडबडला. "मामी, तू यात पडू नको," म्हणाला.

"तुना आत काय हाय ते बघायचंय ना? चल, बघ," कौसाबाई म्हणाली. "मी कुनाला आडवत नाय. नारळाला पन नाय, कुकवाला पन नाय. पेटीजवल जो येल, तो माज्या पान्यातून येल. आदी तू ये."

गर्दीपुढं मागं सरकणं भावी माणसाला परवडत नाही. अल्पेशनं बाही वर केली. कौसाबाईनं शेडपुढच्या ओट्यावर त्याला साबण दिला, हात धुऊन घेतला आणि मगानं पाणी ओतलं. मनगटापासून कोपरापर्यंत मणीच मणी. मग तिनं एकेक सांगितलं. केसातलं जेल जाईल, अंगाचा सेंट जाईल, कपाळाचा टिळा जाईल, मनगटाचे सात धागे जातील, ती अंगठी जाईल. धाग्यांपर्यंत अल्पेश तयार होता. अंगठीला मात्र तो अडला. ती मतमोजणीपर्यंत काढायची नाही असं ज्योतिषानं बजावलं होतं.

मग एकेक पुढं येत गेले, कारण आता ही अब्रूची गोष्ट झाली होती. फरसाणवाल्याच्या हातावर पाणी टिकलंच नाही, गोट्यांसारखं गडगडत खाली गेलं आणि पोरंटोरं हसली. जीन्सच्या मास्टरच्या हातावरून निळं पाणी आलं. त्यानं सहा वेळा धुतलं, सहा वेळा निळं. नारळ आणणाऱ्या भटजींनी तर हात पुढं केलाच नाही. मला सोवळ्याची परीक्षा देण्याची गरज नाही, असं ते म्हणाले. कौसाबाईनं त्यांना फार अदबीनं बाजूला बसवलं.

महिला मंडळातली उन्नती नावाची बाई ठसक्यात पुढं आली. तेल धुते, गजरा काढते, बांगड्यासुद्धा उतरवते म्हणाली. पण मंगळसूत्राशी हात थबकला. तिचा नवरा गर्दीत होता. तो मागूनच घाईघाईनं म्हणाला, राहू दे, राहू दे, एवढं काय बघायचंय.

"माजा अकरा वर्सं जगलाय," कौसाबाई म्हणाली.

उन्नतीनं पुरावा मागितला. कौसाबाईनं अभिजीतच्या मोबाइलवरून आनंदाला फोन लावायला सांगितलं. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा वाजत राहिली. सकाळचे साडेअकरा. उन्नतीनं दोन्ही हातांनी मंगळसूत्र घट्ट धरलं. तेव्हा मांजर्लीत आनंदाच्या शेजारी राहणाऱ्या तेजलला फोन करून, व्हिडिओ लावून त्याच्या घरी पाठवलं. तिनं मोबाइल खिडकीतून आत धरला. आनंदा खुर्चीत ताठ बसला होता, दोन्ही हात मांडीवर, समोर रिंग होऊन गेलेला मोबाइल हातभर लांब ठेवलेला. "सहानंतर करा," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. उन्नती मात्र हलली नाही. तुमचा टिकला ते तुमचं नशीब, म्हणाली.

आता कुणी उरलं नव्हतं. नारळ तसाच हातात. अल्पेश म्हणायला लागला, की ही अट मुद्दाम अशी घातलीय, कुणी पासच होऊ नये म्हणून. गर्दीला ते पटत चाललं होतं, मागून दोघातिघांनी शेडचं शटर वाजवायला सुरुवात केली. कौसाबाईनं वळून शटरकडे बघितलं. शटर तुटलं तर पाणी, साबण, नियम सगळं गेलं. दोनशे हात त्या पेटीत जातील.

तिची नजर विठावर पडली. म्हातारीनं फलक बाजूला ठेवला होता आणि गंमत बघत होती.

"आत्या, हात दाव," कौसाबाई म्हणाली.

विठानं हात पुढं केला. सोड्यानं खाऊन खाऊन चुनखडीसारखा झालेला हात. कौसाबाईनं धुतला, पाणी ओतलं. पाणी मनगटावरून पसरलं, चादरीसारखं, कुठं सुरकुती नाही. गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही, हातात काही नाही. तीस वर्षांपासून नाही. केसाला तेल परवडत नाही. काढून ठेवायला तिच्यापाशी फक्त एक तंबाखूची डबी निघाली.

फरसाणवाल्याची बायको हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, की देवाच्या कामात पहिली नजर हिची कशी.

कौसाबाईचं डोकं फिरलं. मास्क खाली ओढून ती ओट्याच्या कडेला आली.

"का? हिची नजर लागून नारळ नासंल?" ती म्हणाली. "हळदीकुंकवाला बोलवत नाय, लग्नात मागं बसवताव, आनी मोर्चाला पयल्या लायनीत. तवा नाय आठवलं ती विधवा हाय? तुमी दोनशे जन हात धुवून उबे हाव, कुनाचा एकाचा हात चालला? हिचा चालला. ही जाईल, ही बघंल, ही सांगंल ते खरं. ज्याला नाय पटत, त्यानं घरी जावून डोकं धुवावं."

शटर वाजवणारे थांबले. ते पटलं म्हणून थांबले असं नाही, या बाईच्या हातात अजून मग होता.

किर्तीनं विठाला झगा, टोपी, मास्क, मोजे घातले. म्हातारी पडद्याआड गेली. बाहेरून तिची सावली दिसत होती. पेटीच्या तोंडाशी वाकलेली, किर्तीनं बॅटरी धरलेली. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. फरसाण करपल्याचा वास आला, तरी कुणी गेलं नाही.

विठा बाहेर आली तेव्हा तिनं मास्क आधी नीट घडी करून ठेवला.

"काय हाय आत?" अल्पेशनं विचारलं.

"काय नाय."

"नीट सांग, आजी. काय नाय म्हणजे?"

विठानं विचार केला. "घरात काय नाय असतं ते मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "डबा रिकामा असला तरी त्याला वास असतो, कोपऱ्यात मुंगी असतं. आत तसं नाय. एवडं काय नाय मी जन्मात बघलं नव्हतं."

अल्पेशला घोषणा सुचेना. नारळ शेवटी रस्त्यात फुटला, त्याचं खोबरं पोरांनी पळवलं.

पण गर्दी घरी गेली ती काळजीत नाही, चुटपुटत गेली. एवढं काही नाही आपल्या गल्लीत आहे आणि ते एकट्या विठानं बघितलं. गुरुवारी सकाळी शेडपुढं रांग. बायका शिकेकाईनं न्हालेल्या, पुरुषांनी मिशा उतरवलेल्या. मास्टर रॉकेलनं हात घासून आलेला. उन्नतीचा नवरा स्वतः म्हणत होता, काढ एक दिवस मंगळसूत्र, मी घरात बसून राहतो. आणि त्यांना कळलं, की पेटी आदल्या संध्याकाळीच बंद झाली. तोंडातोंडांत तांब्याच्या कड्या घालून, बोल्ट आवळून, पंप लावून, वरून तापवायच्या पट्ट्या गुंडाळून.

मग खरा मोर्चा निघाला. कालच्या दुप्पट. मागणी तीच, पेटी उघडा. काल भीतीनं म्हणत होते, आज हक्कानं. आणि दार अडवून उभा होता अल्पेश, कारण रातोरात त्याचा नवा बॅनर लागला होता. 'भव्य यश! आपल्या सततच्या पाठपुराव्यामुळे चेंबरमध्ये काहीही नसल्याचे सिद्ध.' आता त्याला पेटी बंदच हवी होती. उघडून कुणाला आत काही सापडलं तर तो कुठं तोंड दाखवणार. शुक्रवारभर तो दारातून हलला नाही. फरसाणवाल्यानं दिलेला चहासुद्धा, त्याचं तेल लागायला नको म्हणून, त्यानं लांबूनच घेतला.

आत कौसाबाई स्टुलावर बसून यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. आकडा उतरत होता आणि मधेच अडत होता. तिला आकडे कळत नव्हते, पण अडणं कळत होतं. किर्ती सांगत होती, की स्टीलच्या अंगातलं पाणी निघतंय, वेळ लागतो. कौसाबाईला तसं वाटत नव्हतं. बुधवारच्या गडबडीत पडदा कितीदा हलला, कुणाची शिंक आत आली, आपण मास्क खाली ओढून बोललो त्याच मोज्यांनी नंतर काय धरलं, हे ती एकेक आठवत होती आणि घाम पुसत होती.

शनिवारी सकाळी पट्ट्या उतरवल्या, पेटी गार झाली. किर्तीनं पडद्यावर दुसरी रेघ आणली. आत उरलेल्या प्रत्येक वायूचा त्यात वेगळा डोंगर दिसतो. थोडा हायड्रोजन होता, तो स्टीलमधून येतोच. पाण्याची टेकडी नाहीशी झाली होती. तेलाची जागा ती बोटानं दाखवत गेली. इथं माणसाचं तेल दिसतं, इथं यंत्राचं. रेघ सपाट होती, टोकापर्यंत.

"पास?" कौसाबाईनं विचारलं.

"मावशी, मी इतकी सपाट बघितली नाही."

जितेशशेठ पडद्याबाहेर उभा होता. खोली तुझीच, तो म्हणाला, आणि जीन्सवाल्याला मी सांगतो. कौसाबाईनं तिथल्या तिथं दुसरं माणूस मागून घेतलं, विठाला. शेठ म्हणाला, पंच्याहत्तर वर्षांची बाई कशी कामाला ठेवू. कौसाबाईनं आतूनच मगात पाणी भरल्याचा आवाज केला. शेठनं ठेवली. विठानंच चार दिवस भाव खाल्ला. घासायला डाग नाही अशा जागी काम काय करायचं, तिचं म्हणणं. मग आली.

टेम्पो संध्याकाळी गेला. गल्ली दोन्ही बाजूंनी उभी होती. काही जणांचे डोळे पाणावले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सात महिन्यांनी किर्तीचा फोन आला. दुपारची वेळ, कौसाबाई ओट्यावर विठाबरोबर डबा खात होती. आठ दिवस मिळाले, किर्ती सांगत होती. कडं चाललं, झुळूक चालली, मावशींच्या पेटीत बसलेल्या यंत्रानं आतल्या अंगाला सरकलेले सगळे टिपले. आठ दिवसांत चारशे एकोणीस.

"आनी खोटे किती?"

"बोटावर मोजण्याएवढे. पण गंमत ऐका, पुस्तकात जेवढं पकडेल असं लिहिलं होतं, त्याच्या जेमतेम निम्मं पकडतंय."

"म्हंजे पुस्तकवाल्यानं न बघता लिवलं."

"अंदाजानं लिहिलं होतं."

"अंदाजानं आमी मीठ घालताव," कौसाबाई म्हणाली. मग डब्याचं झाकण लावत तिनं विचारलं, "मंग त्या ताऱ्याला सांगलास का?"

किर्ती म्हणाली, अजून नाही.

"सांग. इतकी वर्सं त्याच्या नावावर दुप्पट लिवून ठेवलंत," कौसाबाई म्हणाली, आणि डबा धुवायला उठली.